प्री द व्हाल्ब्रेझचं शेवटचं प्रकरण

अल ऐनच्या मराठी मंडळींत उपेंद्र खांबेटेची ओळख 'घोड्यांकडचे सर' अशी होती. बाकीचे लोक इस्पितळात, शाळेत, नाहीतर स्वतःच्या कॉन्ट्रॅक्टिंगच्या धंद्यात. हा एकटाच तबेल्याच्या ऑफिसात. घोड्याच्या पाठीवर मात्र तो जन्मात बसला नव्हता. पुण्यात बारा वर्षं त्याने कॉलेजात फ्रेंच शिकवलं. पीएच.डी.च्या गाइडशी वाजलं, प्रबंध अर्धवट राहिला, आणि १९९३ साली एक जाहिरात पाहून तो बायकोमुलीसह इकडे आला. अरबाबांचे, म्हणजे मालकांचे, काही घोडे फ्रान्समध्ये धावत. तिकडच्या ट्रेनरची आणि डॉक्टरांची पत्रं इंग्रजीत करायची, उत्तरं फ्रेंचमध्ये धाडायची, एवढंच काम. काम हलकं होतं आणि तेच त्याला खुपायचं. आपल्या नावावर एक पुस्तक नाही, हे दुःख त्याने वाळवंटात येतानाही बरोबर आणलं होतं.

१९९६च्या ऑक्टोबरात अरबाबांनी त्याला मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, बोलावून घेतलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. समोर कॉफी आली. मग म्हणाले, "प्री द व्हाल्ब्रेझ. नाव ऐकलंय?"

उपेंद्रने ऐकलं नव्हतं.

"नॉर्मंडीतली शर्यत. तीन वर्षांच्या घोड्यांची. आता बंद आहे. शेवटची झाली ती १९८६ला, आणि त्यात माझी शमाल पुढे होती. शेवटच्या वळणावर पडली. तिच्यावरचा पोरगा जागच्या जागी गेला. बावीस वर्षांचा. तिचा पाय मोडला होता. चादरीचा आडोसा केला आणि गोळी घातली. मी स्टँडमध्ये उभा होतो." त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या वर्षीपासून शर्यतच नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही. तू शोध. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत लिही. ती कशी जन्मली आणि कशी मेली."

उपेंद्र घरी आला तो जवळजवळ पळतच. "विभा, पुस्तक!" तो दारातूनच ओरडला. विभावरी पोळ्या लाटत होती. घोड्यांच्या शर्यतीवर पुस्तक म्हटल्यावर तिला हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिने ते आवरलं.

दोन वर्षं त्याने त्या शर्यतीत स्वतःला गाडून घेतलं. फ्रान्सच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांना, नगरपालिकेला, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांना पत्रं गेली आणि हळूहळू गठ्ठे येऊ लागले. १८७३ साली बीटाच्या साखरेच्या एका कारखानदाराने, युद्धात गेलेल्या मुलाच्या नावाने, आपल्या कुरणावर ही शर्यत सुरू केली. अडथळे नाहीत, सपाट गवतावरचं चोवीसशे मीटर अंतर. पहिल्या वर्षी चारच घोड्या आल्या आणि त्यातली एक जागची हलली नाही. १९०६ला जिंकलेली घोडी तीन नव्हे, चार वर्षांची निघाली. वय लपवायला मालकाने दाताला कानस लावली होती. १९१४ला सरकारने घोडे लढाईवर नेले आणि आदल्या वर्षीची विजेती तोफगाडा ओढताना चिखलात मेली. १९४१ला कुरणात बटाटे लावले होते. मग पन्नासच्या दशकात पॅरिसहून खास आगगाड्या भरून लोक यायला लागले, टोप्या घातलेल्या बायका, बँड, शँपेन. आणि त्यानंतर उतरण. चांगल्या घोड्या मोठ्या मैदानांकडे वळल्या, स्टँडचा रंग उडाला, आणि १९८६च्या सप्टेंबरात शेवटच्या सात घोड्या धावल्या. १९८७च्या पत्रकात नावच नाही.

का नाही, तेवढंच सापडत नव्हतं.

त्या दिवशी तिथे हजर असलेला एक माणूस मात्र रोज उपेंद्रच्या खिडकीसमोरून जायचा. इद्रीस हा शमालचा मोतद्दार. मूळचा मोरोक्कोचा, तरुणपणी फ्रान्सला जाऊन घोड्यांत राहिलेला. शमाल मेली तेव्हा तिच्या मानेला मिठी मारून तो रडला होता. ते अरबाबांनी पाहिलं आणि त्याला आपल्याबरोबर अल ऐनला आणलं. आता तो पंचावन्नचा होता. एक गुडघा धरलेला, पण घोड्याला खरारा करायला लागला की घोडा डोळे मिटून उभा राहायचा. त्याची मोरोक्कोकडची अरबी इथे फारशी कुणाला कळत नसे, म्हणून तबेल्यातल्या इतरांशी तो मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचा. मनातलं बोलायचं तर फ्रेंचमध्ये, आणि फ्रेंच येणारा माणूस तिथे एकच होता. दर शुक्रवारी तो खांबेट्यांकडे खजूर घेऊन यायचा, विभावरीला 'मादाम' म्हणायचा, तिच्या पुरणपोळ्या दुधात बुडवून खायचा. त्यांच्या लेकीला, इराला, पहिल्यांदा तट्टावर बसवलं तेही त्यानेच.

त्याच्या खोलीत पुदिन्याचा चहा पीत उपेंद्रने त्याला त्या दिवसाबद्दल विचारलं. इद्रीसला आनंदच झाला. बारा वर्षांत असं बसून कुणी विचारलं नव्हतं.

"सकाळी पाऊस होता, मस्यू उपेंद्र. शमालला पाऊस आवडायचा. ट्रेनर उशिरा आला, बायकोशी भांडून. मग मीच खोगीर चढवलं. तंग मीच आवळला. एकट्याने. या हाताने." त्याने उजवा हात पुढे केला. खोगीर पाठीवर धरून ठेवणारा, पोटाखालून जाणारा तो पट्टा आवळावा तशी मूठ मिटली. "वर बसायच्या आधी त्या पोराने माझ्या गालाची पापी घेतली. मग ते गेले."

उपेंद्रने ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

महिनाभराने एका पार्सलात त्या गावच्या वर्तमानपत्राचं कात्रण आलं. शर्यतीनंतरच्या मंगळवारचं. 'खोगीर सरकलं असावं. तंग नीट आवळलेला नसावा, असं एका पदाधिकाऱ्याने नाव न सांगता म्हटलं. चौकशी चालू आहे.'

उपेंद्रने ते पुन्हा एकदा वाचलं. हेच ते. एकशेतेरा वर्षांच्या शर्यतीचा जीव एका सैल पट्ट्याने घेतला, आणि तो पट्टा आवळणारा माणूस त्याच्या खिडकीसमोरून रोज बादली घेऊन जात होता. असा शेवट कुठल्या इतिहासकाराला मिळतो? त्याने चौकशीच्या अहवालासाठी नगरपालिकेला लिहिलं. उत्तर आलं, ते कागद शर्यत समितीच्या दिवंगत सेक्रेटरींच्या पत्नीकडे असावेत, विचारून पाहतो, थोडे महिने लागतील. पण अरबाबांना पुस्तक १९९९च्या मार्चमध्ये, मोसमातल्या मोठ्या शर्यतीच्या पाहुण्यांना वाटायला हवं होतं.

तो थांबला नाही. कात्रणातलं 'नसावा' त्याच्या प्रकरणात 'नव्हता' झालं. बाकी सगळं खरंच होतं: पाऊस, उशिरा आलेला ट्रेनर, एकटा मोतद्दार. इद्रीसचे शब्द त्याने अवतरणात घातले.

विभावरीने टाईप केलेली पानं वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, हे त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलंय."

"इतिहास आहे हा, विभा. मी कुणावर आरोप करत नाहीये."

"मग शुक्रवारी येईल तेव्हा त्याला वाचून दाखवा."

"त्याला काय कळणार त्यातलं?"

"त्याला नाही तर कुणाला कळणार?"

उपेंद्रने पानं गोळा केली. शुक्रवारी इद्रीस आला, जेवला, इराशी पत्ते खेळला आणि गेला. पानं कपाटातच राहिली.

जानेवारीत हस्तलिखित अरबाबांकडे गेलं. चार दिवसांनी सकाळी सगळ्यांना तबेल्याच्या अंगणात बोलावणं आलं. जनरल मॅनेजर सत्यजित कर्णिक टाय सारखा करत उभा होता. तीस-पस्तीस माणसं रांगेत. अरबाबांनी एक तपकिरी घोडी बाहेर आणायला सांगितली आणि इद्रीसला म्हणाले, "खोगीर चढव."

इद्रीसने चढवलं.

"त्या दिवशी शमालचा तंग असाच आवळला होतास?"

इद्रीसचं तोंड उजळलं. इतक्या वर्षांनी अरबाबांनी तिचं नाव घेतलं होतं. "असाच, अरबाब. अगदी असाच. मी एकट्याने."

अरबाबांनी तंगाखाली दोन बोटं घातली. बोटं सहज गेली. नीट आवळलेल्या तंगाखाली ती जायलाच हवीत, हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. उपेंद्रही बोलला नाही.

"सोड," अरबाब म्हणाले. इद्रीसने तंग सोडला. "ब्रश दे. टोपी काढ." इद्रीसने ब्रश दिला. टोपी काढली, डोक्यावर विरळ पांढरे केस होते आणि ते बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिले. अरबाब कर्णिककडे वळून इंग्रजीत म्हणाले, "हा माझ्या घोड्याला परत हात लावणार नाही," आणि गाडीत बसून गेले.

व्हिसा रद्द व्हायला तीन दिवस लागले. तेवढे तीन दिवस इद्रीसला तबेल्यात पाऊल टाकायची मनाई होती. तो कुंपणाबाहेर वाळूत बसून राहिला. त्याला जुनाट खोकला होता. खोकल्याचा आवाज आला की आतले घोडे खिंकाळायचे, खुरांनी दारं बडवायचे. दुसऱ्या दिवशी कर्णिकने वॉचमन पाठवून त्याला रस्त्यापलीकडे बसवलं.

"मी काय केलं?" त्याने उपेंद्रला विचारलं. "तुम्ही ऑफिसात बसता. काढा ना शोधून."

"मला काही माहीत नाही," उपेंद्र म्हणाला.

अबू धाबीच्या विमानतळावर त्याला सोडायला उपेंद्रच गेला. कर्णिकने सांगितलं होतं, भाषा तुम्हालाच येते. दुपारची वेळ. एक बॅग, आणि विभावरीने दिलेला लाडवांचा डबा. आत जायच्या आधी इद्रीसने खिशातून कोरा कागद काढला आणि गाडीच्या टपावर ठेवून त्याच्या तळाशी सही केली. सही करायला त्याला मिनिटभर लागलं.

"वर तुम्ही लिहा, मस्यू उपेंद्र. अरबाबांना अर्ज. काय लिहायचं ते मला सुचत नाही, तुम्हाला चांगले शब्द येतात. माझी चूक काय एवढंच विचारा. चूक कळली तर मी माफी मागेन."

"लिहितो," उपेंद्र म्हणाला. परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर थांबून त्याने त्या कागदाचे बारीक तुकडे केले.

तीन आठवड्यांनी फ्रान्सहून जाड पाकीट आलं. सेक्रेटरींच्या विधवेने चौकशीचा मूळ अहवाल पाठवला होता. सात पानं. मेलेल्या घोडीच्या अंगावर तंग शाबूत सापडला. बकल आपल्या भोकात होतं, पट्टा जागच्या जागी होता, कुठे सैल नाही, कुठे सरकलेला नाही. पडण्याचं कारण वेगळंच होतं. शेवटच्या वळणावर गवताखालची जुनी मोरी खचून गुडघाभर खड्डा पडला होता. माळ्याने जुलैतच समितीला सांगितलं होतं. समितीने वरून हिरवळीचे तुकडे लावून घेतले, कारण सप्टेंबर तोंडावर आला होता. अपघातानंतर त्यांनीच वर्तमानपत्राला तंगाची गोष्ट पुरवली, अहवाल कुलपात ठेवला, आणि पुन्हा कुणी मैदान तपासायला येऊ नये म्हणून शर्यत गुपचूप बंद केली.

विधवेची चिठ्ठी सोबत होती. 'माझे पती मरेपर्यंत या कागदांबद्दल बोलत. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. तो मोतद्दार हयात असेल तर त्याला एवढं जरूर सांगा.'

खरं सांगायचं तर उपेंद्रला पहिल्यांदा झाला तो आनंद. काय प्रकरण आहे! तो खुर्चीतून अर्धवट उठलासुद्धा. आणि मग त्याला इद्रीस आठवला.

तो कर्णिकच्या केबिनमध्ये गेला. "प्रेसने अजून छपाईला घेतलेलं नाही. मी आत्ताच दुबईला, त्यांच्या रास अल खोरच्या ऑफिसात फोन केला. चार दिवस द्या, शेवटचं प्रकरण बदलतो."

कर्णिकने सातही पानं उलटून पाहिली, फ्रेंच येत नसताना. मग दार लावलं. "बसा खांबेटे. आता अरबाबना काय सांगणार? सर, तुम्ही सगळ्या स्टाफसमोर ज्या माणसाची टोपी उतरवलीत तो इनोसंट होता? आणि मी कन्फर्म न करताच लिहिलं होतं?"

"पण तो इनोसंट आहे."

"असेल ना. आहेच. म्हणूनच म्हणतो. दोषी माणसाला काढलं तर अरबाब विसरतील. निर्दोष माणसाला काढायला लावलं हे नाही विसरणार. तुमचा व्हिसा कॅन्सल, आणि मी मॅन्युस्क्रिप्ट पुढे पाठवलं म्हणून माझाही. इराची एक्झाम मार्चमध्ये ना?" त्याने पाकीट उपेंद्रच्या हातात परत दिलं. "खलास. हे आलंच नाही."

तरीही उपेंद्र गेला. दर गुरुवारी मजलिसचं दार कुणालाही उघडं असायचं. पाकीट खिशात घालून तो खालच्या टोकाला बसला. अरबाबांनी त्याला पाहिलं, हाक मारली, स्वतःशेजारी बसवलं. खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना म्हणाले, "बारा वर्षं मला जे कळलं नाही, ते या माणसाने शोधून दिलं. आता मला झोप लागते."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी उपेंद्रच्या कपात कॉफी ओतली. तो हात खांद्यावर जितका वेळ होता तितका वेळ त्याला वाटत होतं, आता बोलू. हात काढल्यावर बोलणं शक्यच राहिलं नाही. आयुष्यात त्याच्या खांद्यावर असा हात कुणी ठेवला नव्हता.

मार्चमध्ये पुस्तक आलं. हिरव्या चामड्याची बांधणी, त्यावर इंग्रजीत आणि अरबीत त्याचं नाव. पाहुणे ते छातीशी धरून फोटो काढत होते. उपेंद्रचा पगार वाढला, घरही मोठं मिळालं. विधवेच्या चिठ्ठीला त्याने उत्तर दिलं नाही. विभावरीला त्या पाकिटाबद्दल कधी कळलं नाही. तिने पुस्तक दिवाणखान्यात ठेवलं, पण उघडलं नाही.

एप्रिलमध्ये मोरोक्कोहून इद्रीसचं पत्र आलं, बाजारातल्या लेखनिकाकडून लिहवून घेतलेलं. अर्ज पोचला का? उपेंद्रने कळवलं, पोचला, अरबाब विचार करतायत. सप्टेंबरात पुन्हा पत्र. भाच्याच्या घरी राहतो, गुडघ्यामुळे तबेल्यात कुणी घेत नाही, काही कळलं का? उपेंद्रने लिहिलं, अरबाब नाही म्हणाले, कारण सांगितलं नाही, मी खूप प्रयत्न केला. त्यावर आभाराचं पत्र आलं, आणि पुढे दर ईदला एकेक येत राहिलं. सगळ्यांत शेवटी तेच: तुमच्या मुलीला अल्ला सुखी ठेवो.

२००१च्या फेब्रुवारीत आलेलं पत्र लांबलचक होतं. उपेंद्रने ते जेवणाच्या टेबलाशी उभ्यानेच वाचलं. इद्रीसने लिहिलं होतं, मी दोन वर्षं विचार केला आणि आता मला समजलं. अरबाबांनी तंगाखाली बोटं का घातली ते समजलं. माझाच हात त्या दिवशी सैल पडला असणार. मला आठवतं तसं घट्ट आवळलं नसणार. त्या पोराला मी मारलं, शमालला मी मारलं, आणि बारा वर्षं अरबाबांचं अन्न खाल्लं. मी आमच्या इमामांना सांगितलं आहे. भाच्याला सांगितलं, त्याने मुलांना माझ्याजवळ यायचं बंद केलं, ते बरोबरच आहे. अरबाबांना सांगा, मला मान्य आहे. आणि मस्यू उपेंद्र, सगळ्यांत तुम्ही एकटे माझ्या बाजूने उभे राहिलात.

"इद्रीसचं ना?" विभावरीने ताटं मांडत विचारलं. "काय म्हणतो? बरा आहे ना?"

"मजेत आहे. एका तबेल्यात काम मिळालंय. भाच्याची मुलं त्याला सोडत नाहीत."

"देव पावला बाई," विभावरी म्हणाली, आणि खरंच तिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. "मला सारखं वाटायचं हो, आपल्यामुळे तर नाही ना."

इरा तेरा वर्षांची झाली होती. शाळेत तिला त्या वर्षी फ्रेंच होतं आणि ती वर्गात पहिली होती. तिने टेबलावरचं पत्र उचललं आणि ओठ हलवत वाचू लागली. उपेंद्रने हात पुढे केला तेव्हा ती दुसऱ्या पानावर होती.

"बाबा, दॅट्स नॉट व्हॉट इट सेज." ती गोंधळून बोलत होती. "ही सेज ही किल्ड समवन. अ बॉय. अँड द चिल्ड्रन डोन्ट कम निअर हिम."

विभावरीचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला.

उपेंद्रने पत्र मुलीच्या हातातून काढून घेतलं. वर्गात शिकवताना वापरायचा तो आवाज लावून तो हसला. "तुझं फ्रेंच अजून फार कच्चं आहे, इरा. हे मोरोक्कोचं फ्रेंच आहे, तिकडे ते म्हणींसारखं बोलतात. शब्दाला शब्द लावून अर्थ होत नाही. चार धडे शिकलीस आणि लगेच मोठ्यांच्या चुका काढायला निघालीस?"

"बट बाबा, 'तुए' मीन्स किल..."

"ज्याने बारा वर्षं कॉलेजात शिकवलं त्याला तू सांगतेस?"

इराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने आईकडे पाहिलं. विभावरी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मग तिने भात वाढला. "जेव गं," ती म्हणाली. "बाबांना जास्त कळतं."

इरा जेवली. पुढच्या वर्षी भाषा निवडायची होती तेव्हा तिने फ्रेंच सोडलं. का, असं तिला घरात कुणी विचारलं नाही.

उत्तर लिहायला उपेंद्रने आठवडा घेतला. चार मसुदे फाडले. पाचवा छोटा होता. 'प्रिय इद्रीस, तुमचा निरोप अरबाबांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी तुम्हाला माफ केलं आहे.' एकही चूक नसलेलं, सुंदर अक्षरातलं पत्र. ऑफिसला जाताना त्याने ते पोस्टात टाकलं.